किनारा पीडीएफमध्ये कोंडू नका : माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स.न.वि.वि.

नाशिकच्या माणसाला समुद्राची काय उठाठेव, असे आपल्या दालनात कोणी म्हणेलच. पण वैतरणा आमच्या त्र्यंबकच्या डोंगरातच उगम पावते आणि पालघरला अरबी समुद्राला मिळते. शिवाय मी नकाशे काढून पोट भरतो. कोकणातल्या तालुक्यांचे नकाशे, शाळांचे तक्ते, पर्यटनाची पत्रके अशी कामे आमच्याकडे येतात आणि दर वेळी गाडी एकाच ठिकाणी अडते: किनाररेषा कोणती घ्यायची?

आपल्या राज्याला ७२० किलोमीटर किनारा आहे, असे सगळेच सांगतात. केंद्राच्या जुन्या तक्त्यात हा आकडा ६५२.६ होता, तर केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०२३-२४ च्या अहवालात तो ८७७.९७ झाला. समुद्राने जमीन खाल्ली किंवा सोडली म्हणून हे घडलेले नाही. जुनी मोजणी १९७० च्या दशकातली, १:४५,००,००० प्रमाणावरची, म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर ४५ किलोमीटर. नवी १:२,५०,००० वरची, म्हणजे एक सेंटिमीटरला अडीच किलोमीटर. प्रमाण मोठे झाले की प्रत्येक खाडी आत वळते, प्रत्येक खडक मोजला जातो आणि लांबी वाढते. ब्रिटनच्या किनाऱ्यावरून गणितज्ञ मांडेलब्रो यांनी १९६७ मध्येच हे जगापुढे मांडले होते. म्हणून प्रमाण आणि तारीख सोबत नसेल, तर असा आकडा भाषणापुरताच.

मला एका कार्यालयातून जी फाइल मिळाली तिच्यात दोन्ही नव्हते. झाईपासून तेरेखोलपर्यंत एकच अखंड रेषा होती. दापोलीचा नकाशा उघडायचा तरी संगणक डहाणूपासून वाचत येतो. एक सातबारा हवा म्हणून अख्ख्या तालुक्याचे दप्तर उपसण्यातला हा प्रकार. किनारा नियमन क्षेत्राचे (किनाऱ्यालगत बांधकामावर बंधने असलेल्या पट्ट्याचे) नकाशे तर पीडीएफमध्ये असतात. त्यांतली भरतीरेषा डोळ्यांना दिसते, संगणकाला दिसत नाही. मग आम्ही तो नकाशा जिओरेफरन्स करून, म्हणजे खऱ्या अक्षांश-रेखांशांवर बसवून, ती रेषा माऊसने पुन्हा गिरवतो. दुसऱ्या गावचा दुसरा कोणी तीच रेषा त्याच्या हाताने गिरवतो. दोन्ही एकमेकींवर ठेवल्या की खाडीच्या तोंडाशी फट पडते.

यावर तोडगा शोधायची गरज नाही, तो जुनाच आहे. पॉल वेसेल आणि वॉल्टर स्मिथ यांनी १९९६ मध्ये साऱ्या जगाची किनाररेषा बारकाव्याच्या पाच पातळ्यांवर तयार करून खुली केली. भिंतीवरच्या जगाच्या नकाशाला ढोबळ पातळी, बंदराच्या नकाशाला पूर्ण बारकाव्याची. संगणकात रेषा म्हणजे ओळीने ठेवलेले बिंदू; ते कमी करताना रेषेचा आकार राखणारी डग्लस-पॉयकरची १९७३ ची रीत वापरली. रेषेचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याभोवतीची चौकट नोंदवली आणि त्या चौकटींची सूची बांधली, की संगणक लागेल तेवढेच उचलतो. अशा सूचीसाठी आर-ट्री नावाची रचना १९८४ पासून आहे आणि आज फुकटच्या सॉफ्टवेअरमध्येही मिळते.

बिंदू कमी करताना मात्र भान हवे. रेषेला किलोमीटरभर इकडेतिकडे सरकायची सूट दिली की सिंधुदुर्ग आणि जंजिरा दोन्ही गायब होतात. महाराजांचा जलदुर्ग नसलेला मालवणचा नकाशा शाळेत लावायचा कसा? अशी बेटे कोणत्या पातळीपर्यंत राखायची, हे माणसाने ठरवून नोंदवायला हवे. दुसरे म्हणजे तालुक्याची हद्द आणि किनारा जिथे एकच आहेत तिथे रेषाही एकदाच साठवा. वेगवेगळ्या साठवून वेगवेगळ्या सोप्या केल्या की मध्ये भलत्याच पट्ट्या उगवतात. दिशाही ठरलेली हवी. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून काढलेल्या खुल्या नकाशावर रेषेच्या दिशेने चालताना जमीन डाव्या हाताला आणि पाणी उजव्या हाताला, असा नियम आहे. म्हणजे आपली रेषा डहाणूहून दक्षिणेकडे जायला हवी. एखादा तुकडा उलटा लागला, तर रत्नागिरी पाण्यात जाते. आणि खाडीत रेषा कुठवर न्यायची, हेही लिहून ठेवा. किनारा नियमनाच्या २०११ च्या अधिसूचनेत भरतीची हद्द ठरवायला ऐन कोरड्या हंगामातल्या हजारी ५ भाग क्षारतेची कसोटी आहे. वैतरणेला तीच लावा, वाद मिटेल.

परवानगीची सबब आता चालणार नाही. फेब्रुवारी २०२१ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी नकाशांवरची बंधने सैल केली, २०२२ चे राष्ट्रीय भूस्थानिक धोरणही आले. नागपूरला राज्याचे सुदूर संवेदन केंद्र आहे. माणसे आहेत, उपग्रहचित्रे आहेत. हवा आहे तो ही रेषा खुली करण्याचा आदेश.

अख्खा किनारा एकदम मागत नाही. आधी रायगड जिल्हा घ्या: खाड्या, खांदेरी-उंदेरी, जंजिरा, सगळी अवघड प्रकरणे तिथे एकत्र सापडतील. प्रत्येक आवृत्तीवर तारीख आणि प्रमाण टाका, जुनी आवृत्ती पुसू नका. हीच घडी बसली, की २०२७ च्या सिंहस्थाआधी गोदावरीच्या निळ्या (नेहमीच्या मोठ्या पुराच्या) आणि लाल (क्वचित येणाऱ्या महापुराच्या) पूररेषाही तशाच खुल्या करता येतील. त्याही आज आम्हाला गिरवूनच घ्याव्या लागतात.

रायगडची फाइल जाहीर करा. चुका आम्ही नाशकातून शोधून कळवू, मानधन नको.

कळावे,
आपला,
नाशिकचा एक नकाशाकार