आशाताई, तुमच्या मेसेजबद्दल

प्रिय आशाताई,
सा. न. वि. वि.

समोर भेटलात की मला नीट बोलता येत नाही, म्हणून लिहितेय. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. गड्याने विडी सोडली की गावभर कौतुक होतं, बाईची मशेरी सुटली तर घरातही कुणाला पत्ता नसतो.

माझं गरोदरपणाचं कार्ड भरताना तुम्ही तंबाखूचं विचारलंत, मी मशेरी म्हणाले. तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, तंबाखू ओढला काय नि हिरड्यांना चोळला काय, निकोटीन रक्तात उतरतंच आणि वारेतून बाळापर्यंत पोचतं. मुंबईतल्या गरोदर बायकांचा 2004 साली छापून आलेला अभ्यासही सांगितलात: मशेरी लावणाऱ्या, तंबाखू खाणाऱ्या आयांची बाळं सरासरी 105 ग्रॅमनी हलकी आणि सहा दिवस आधी जन्मलेली.

पटलं तरी सोडणार कशी? सासूबाई तव्यावर तंबाखू काळा होईस्तोवर भाजतात, कुस्करून डबीत भरतात. त्या वासानेच तोंडाला पाणी सुटायचं. सोडतेय म्हटलं असतं तर "आम्ही लावूनच चार बाळंतपणं काढली" हे ठरलेलं. त्यात फोन घरात एकच, बटणाचा, कुणीही उचलणार. म्हणून तुम्ही मेसेजमध्ये मशेरीचं नावच कधी घेतलं नाहीत. सकाळी चुलीच्या वेळेला, "दात घासले का? नुसत्या ब्रशने ना?" दुपारी भांडी आवरल्यावर, "बडीशेप चघळा, अंगणात फेऱ्या मारा, पाच-दहा मिनिटांत जाईल." वेळ अशी अचूक असायची की हात डबीकडे जायच्या आत फोन वाजायचा.

सुरुवातीला डोकं ठणकायचं, पोट साफ होईना, नवऱ्यावर उगाच खेकसायची. तुमचा मेसेज त्याआधीच आला होता: "चिडचिड होईल. ती तुमची नाही, सवयीची आहे. उठल्यावर कोमट पाणी प्या." तो मी अजून पुसलेला नाही. एका रात्री अगदीच राहवेना, तुम्हाला मिस कॉल दिला. तुम्ही कळवलंत, "सकाळी 1800-11-2356 ला लावा, फुकट आहे, मराठीत बोलतात." तंबाखूच्या पुडीवर छापलेला तोच नंबर. पुडी रोज हाताळूनही कधी वाचला नव्हता.

ताई, हे सगळे मेसेज तुम्ही स्वतःच्या रिचार्जमधून पाठवलेत. लसीकरण, सर्व्हे, रात्री-अपरात्रीची बाळंतपणं सांभाळून. तुमच्याकडून हे करून घेणाऱ्यांनी त्याची किंमतही मोजायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

लेक 2 किलो 900 ग्रॅमची झाली. काटा तुम्हीच दोनदा बघितलात.

मेसेज मात्र इतक्यात थांबवू नका. निकोटीन दुधातही उतरतं, आणि तलफ अजून अधूनमधून उठते. शिवाय धाकट्या जावेला दिवस गेलेत, तीही लावते. तिचा नंबर तिला विचारूनच तुम्हाला पाठवतेय. तिला दुपारपेक्षा रात्री जेवणानंतर जास्त लागते, तेव्हा पाठवा.

तुमची,
वरच्या आळीतली सूनबाई