पर्वरीचा फ्लॅट नको

दिवाडी, श्रावण

ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

घरात आपण कोंकणी बोलतो, पण पत्र मराठीतच लिहायचं ही बाबांची शिस्त, म्हणून हे असं. फोनवर विषय निघाला की आई रडते आणि बाबा गप्प होतात. त्यापेक्षा कागद बरा.

दिवाडी सोडून राहायला जा म्हणून तुम्ही सुचवलेला पर्वरीचा फ्लॅट बघून आले. लिफ्ट आहे, पार्किंग आहे, आणि बाल्कनीतून समोरच्यांच्या वाळत घातलेल्या चादरी दिसतात. नको.

तुम्हाला वाटतं, मी या जुव्यावर, नदीतल्या या बेटावर, अडकून पडलेय. बाबा, १९८६ च्या जुलैत मांडवीवरचा पूल कोसळला, तेव्हा तुम्ही बेतीहून फेरीने पणजीला जायचात आणि रात्री जेवताना फेरीतल्याच गमती सांगायचात. बसमधली एकही गंमत तुमच्या तोंडून ऐकल्याचं मला आठवत नाही.

माझं ऑफिस ते जुन्या गोव्याचा धक्का दहाएक किलोमीटर. व्हायसरॉयच्या कमानीखालून खाली उतरलं की समोर नदी, आणि फेरी नेमकी पलीकडच्या काठाला. हॉर्न वाजवून काही होत नाही. स्कूटर बंद करायची, हेल्मेट आरशाला अडकवायचं. मग ती सावकाश येते, पुढची लोखंडी फळी खडखडत टेकते. कुणाचं काय मनाला लागलेलं असेल ते मी बहुतेकदा अर्ध्या नदीतच विसरते.

आणि खाजन, खाऱ्या पाण्याकाठची ही बांध घालून राखलेली शेतं! शेजारच्या मावशींनी मला बांधावर नेऊन मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, दाखवली. भरतीचं खारं पाणी चढलं की तिची लाकडी दारं आपोआप मिटतात, ओहोटी लागली की आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. ना मोटर, ना बटण. ओहोटीला तोंडाशी जाळं लावलं की सुंगटं, म्हणजे कोळंबी, मिळतात. पावसात त्याच जमिनीत कोरगुट जातीचं भात. हे सगळं एका बांधावर उभं आहे. तो फुटला तर शेतात खारं पाणी, म्हणून बांध सगळ्यांचाच. आमच्या ऑफिसात साधा पंखा बिघडला तरी तो कोणाच्या खात्यात येतो यावर महिना जातो.

आता त्या रात्रीबद्दल. बाबांची साखर उतरली, आईचा फोन आला, आणि शेवटची फेरी गेलेली. पलीकडे, तुमच्या डिचोलीच्या बाजूला, नार्व्याचे दिवे दिसत होते आणि मी धक्क्यावर नुसती उभी. शेवटी मावशींच्या मुलाने होडी काढली. पाणी चढलेलं, हातात एक बॅटरी. एवढी मी कधीच भ्याले नव्हते. पूल हवा म्हणणाऱ्यांशी तेव्हापासून मी वाद घालत नाही. पूल झाला की बंगलेवाले येतील, भाडी वाढतील, हे मला अजून वाटतंच. पण घरात कुणी आजारी नसलं की असं बोलणं सोपं जातं. तेव्हा आई, तुझी काळजी खोटी नाही. घर मात्र सोडणार नाही.

एक करा. सप्तकोटेश्वर मूळचा इथलाच. पोर्तुगिजांनी १५४० च्या सुमारास इथलं देऊळ पाडलं, देव नदीपार नार्व्याला गेला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. जुन्या देवळाची तळी इथे अजून आहे. तुम्ही दरवर्षी गोकुळाष्टमीला नार्व्याला स्नान करता आणि तिथूनच डिचोलीला परत फिरता. यंदा नदी ओलांडा, आठ दिवस राहा. बोंदेरा, हा इथला झेंड्यांचा उत्सव, मात्र टाळा, त्या शनिवारी फेरीच्या रांगेतच दिवस जातो.

पायी माणसाला तिकीट नाही. बाबांच्या गोळ्या आठ दिवसांच्या आणा, आणि आईच्या हातची आमसुलं. फेरी काठाला नसली तर बाबा, घड्याळ बघत येरझाऱ्या घालू नका; आईला सावलीत बसवा. मी अलीकडे उभी असेन.

तुमची,
बाय