गोळा गर्भाच्या वयाचा, आजार म्हातारपणाचा

महोदय,

प्रयोगशाळेत वाढवलेल्या मेंदूच्या ऊतींवरील लेख वाचला. तंत्र छान समजावले आहे. मात्र अल्झायमरचे औषध आता हाताशी आले, हा त्यातला सूर पटला नाही.

रुग्णाच्या त्वचेच्या किंवा रक्ताच्या पेशी जपानी शास्त्रज्ञ यामानाका यांच्या पद्धतीने मूलपेशींच्या (शरीरातली कोणतीही पेशी बनू शकणाऱ्या पेशींच्या) अवस्थेत नेल्या, की त्यांच्यावरच्या वयाच्या बहुतेक खुणा पुसल्या जातात. पेशी सत्तरीच्या माणसाची असली, तरी तिच्यापासून महिनोन्‌महिने वाढवलेला ऑर्गनॉइड, म्हणजे मेंदूच्या ऊतीचा इवलासा गोळा, गर्भातल्या मेंदूशीच मिळताजुळता असतो. म्हणून या तंत्राचे ठसठशीत यश गर्भावस्थेत सुरू होणाऱ्या विकारांतच दिसते. २०१३ मध्ये व्हिएन्नात लँकेस्टर आणि नोब्लिख या संशोधकांनी, डोके जन्मतः लहान राहिलेल्या रुग्णाच्या पेशींपासून असे गोळे वाढवले. त्यांत चेतापेशींना जन्म देणाऱ्या मूळ पेशी पुरेशा विभागण्याआधीच चेतापेशी बनताना दिसल्या. उंदरांमध्ये हा विकार नीट उमटतच नव्हता! २०१६ मध्ये झिका विषाणू गर्भाच्या मेंदूतल्या नेमक्या कोणत्या पेशी मारतो, हेही याच गोळ्यांत दिसले. २०२४ मध्ये स्टॅनफर्डच्या पाश्का यांच्या गटाने टिमोथी सिंड्रोम या दुर्मीळ जनुकीय आजारातला चेतापेशींचा दोष औषधाने सुधारून दाखवला. तोही उंदरांच्या मेंदूत रोवलेल्या मानवी ऊतीत, रुग्णांत नव्हे.

अल्झायमरचे तसे नाही. २०१४ मध्ये किम आणि टँझी या संशोधकांना त्रिमितीय जेलमधल्या मानवी चेतापेशींत या आजारात साचणाऱ्या प्रथिनांच्या गाठी आणि गुंते दिसले, हे खरे. पण त्या पेशींत आनुवंशिक अल्झायमरची उत्परिवर्तने (जनुकांतले बदल) मुद्दाम घातलेली होती, आणि तो प्रकार एकूण रुग्णांत फारच थोड्यांना होतो. उतारवयात होणाऱ्या नेहमीच्या अल्झायमरमध्ये मायक्रोग्लिया या संरक्षक पेशींचा मोठा हात असतो. साध्या ऑर्गनॉइडमध्ये त्या सहसा नसतातच, बाहेरून घालाव्या लागतात. रक्तवाहिन्याही नाहीत, त्यामुळे मसुराच्या दाण्याएवढा झाला की गोळा आतून मरू लागतो.

संशोधन थांबवा असे कोण म्हणेल? पण घरात अल्झायमरचा रुग्ण असलेली माणसे अशी बातमी कापून डॉक्टरांकडे घेऊन जातात. तेव्हा प्रयोग ऊतीवर झाला, उंदरावर की माणसावर, एवढे तरी बातमीच्या पहिल्या परिच्छेदात छापावे, ही विनंती.

– एक वाचक