चिमूटभर मीठ आणि तुझा लाल दिवा

चि. मैथिलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पाण्यातली घाण ओळखणारं तुझं यंत्र चालू झालं, की जुलाबाने मुलं दगावायची थांबतील, असं तू लिहिलंस. तुझी तळमळ समजते, पण यंत्र तिथवर एकटं पोहोचणार नाही.

जलसंजीवनीचंच बघ, म्हणजे जुलाबात शरीरातलं पाणी भरून काढायला पाजतात ते मीठ-साखरेचं द्रावण. एक लिटर पाण्यात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट. आतड्यात ग्लुकोजच्या जोडीने सोडियम आत शिरतं आणि त्यामागोमाग पाणी. पाणी कमी पडलं तर मिठाचं प्रमाण धोकादायक होतं. गोड जास्त झालं तर जुलाब वाढतात. शास्त्र एवढंच, आणि ते पक्कं आहे.

या मिश्रणाच्या तयार पुड्या घरोघरी पुरणार नव्हत्या, म्हणून १९८० पासून बांगलादेशात ब्रॅक संस्थेने आयांना घरीच द्रावण करायला शिकवलं : अर्धा शेर (साधारण अर्धा लिटर) पाणी, तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ. शिकवणाऱ्या बाईने नुसतं सांगायचं नाही, आईच्या हातून करून घ्यायचं. काही आठवड्यांनी दुसरं पथक येऊन आईला काय आठवतं ते तपासायचं, आणि त्यावर शिकवणारीचा पगार ठरायचा. आयांना सगळं तोंडपाठ! तरी मूल आजारी पडलं की बहुतेक घरांत ते पाणी कुणी करत नव्हतं.

का? शिकवणाऱ्या बायकांचाच त्यावर विश्वास नव्हता. स्वतःला जुलाब झाले की त्या गोळ्या घ्यायच्या. शिवाय घरातल्या पुरुषांना कुणी काही सांगितलंच नव्हतं, आणि औषधपाण्याचा निर्णय त्यांच्या हाती. मग या बायकांना द्रावण कसं काम करतं ते नीट समजावलं, स्वतःवर वापरून पाहायला लावलं; पुरुषांच्या वेगळ्या सभा घेतल्या. तेव्हा कुठे वापर वाढला. दहा वर्षांत सव्वा कोटीच्या आसपास घरं झाली, तीही पायी फिरून. मला या कामातला हाच भाग सर्वांत मोठा वाटतो.

आणि एवढं होऊनही विहिरीतलं पाणी घाणच राहिलं. ते या द्रावणाचं कामच नव्हे.

तुझ्या आराखड्यात सेन्सरला बारा पानं आहेत. लाल दिवा लागल्यावर चांगलं पाणी कुठून आणायचं, ते आणायला घरातलं कोण जाणार, आणि त्या विहिरीवर त्यांना पाणी भरू देतील का, यावर एक ओळही नाही. पुढच्या पत्रात तेवढं लिही.

तुझी,
आई