मदतनिधीच्या डब्यापाशी एकट्याला बसवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मदतनिधीच्या कार्यक्रमांचे फोटो पेपरात येतात, चेक देणारे घेणारे सगळे दिसतात, पण दारात टेबल टाकून दिवसभर पैसे घेत बसलेल्या पोराबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र.

मी स्वतः अशा कामात असतो. एका कार्यक्रमात आम्ही कॉलेजच्या एका मुलीला डबा आणि पावतीबुक देऊन एकटीलाच बसवलं, ती जेवायला उठली तर डबा खुर्चीखाली सरकवून शेजारच्याला "जरा बघ हं" म्हणून गेली. रात्री मोजायला बसलो तर पावत्यांच्या मानाने कॅश कमी, तीनदा मोजली तरी कमीच. तिला तोंडावर कोणी काही बोललं नाही पण सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे, माझीसुद्धा. दोन दिवसांनी कळलं की साउंडवाल्याचे पैसे आमच्यातल्याच एकाने घाईघाईत त्याच डब्यातून काढून दिले होते, चिठ्ठीसुद्धा ठेवली नव्हती. हिशेब जुळला, ती मुलगी मात्र परत कधी आली नाही, आणि याला जबाबदार आम्हीच.

"सगळी आपलीच माणसं, दोघं कशाला" असं म्हणणाऱ्यांना माझं हेच सांगणं आहे, दुसरा माणूस चोर पकडायला नसतो हो, पहिल्यावर आळ येऊ नये म्हणून असतो. आणि दोघं एकाच घरातले नकोत, नवरा-बायको किंवा भाऊ-भाऊ बसले तर साक्षीला अर्थ राहत नाही.

सकाळी डब्यात सुटे किती टाकले ते आधी लिहा, नाहीतर रात्री ते पण देणगीत मोजले जातात. पावत्यांना छापील नंबर हवेत, चुकलेली पावती फाडून फेकायची नाही, रद्द लिहून बुकातच ठेवायची. फिरवायच्या पेट्या सीलबंद आणि नंबर टाकलेल्या, कोणती कोणाकडे दिली त्याची नोंद. डबा भरेपर्यंत वाट बघू नका, तास-दोन तासांनी जास्तीच्या नोटा आतल्या खोलीत कुलपात न्या, नेतानाही दोघं. मोजणी दार लावून, कुठल्या नोटा किती, चिल्लर किती, सगळं कागदावर आणि खाली दोघांच्या सह्या. शेवटी टेबलवरच्या एकूण कॅशमधून सकाळचे सुटे वजा केले की रोखीच्या पावत्यांची बेरीज आली पाहिजे, नाही आली तर फरक आहे तसा लिहा, खिशातले टाकून जुळवू नका.

खर्च डब्यातून अजिबात नाही, कितीही घाई असो! जमलेली सगळी रक्कम आधी बँकेत, शक्यतो दुसऱ्याच दिवशी, खर्च नंतर खात्यातून बिल घेऊन. क्यूआर कोड लावला असेल तर त्यावर दुसरंच स्टिकर कोणी चिकटवलं नाही ना ते मधून मधून स्वतः स्कॅन करून नाव बघा, हे फार जणांच्या लक्षात येत नाही.

बँकेत जाताना साधी पिशवी घ्या, संस्थेचं नाव छापलेली नको, दरवेळी तोच रस्ता तीच वेळ नको. आणि वाटेत कोणी हिसकायला आलंच तर पिशवी सोडून द्यायची, झटापट करायची नाही, हे मुलांना सकाळी टेबलवर बसवतानाच स्पष्ट सांगा कारण ऐनवेळी ती पोरं जिवापेक्षा डबा धरून ठेवतात.

आपला,
एक वाचक आणि कार्यकर्ता