टोपली भरली म्हणून मासे वाढले असं नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

यंदा चढणीचे मासे भरपूर मिळाले, थिगूर (ओहळातला मिशीवाला मासा) परत आला, म्हादई नदीतली मासळी सावरली असं सध्या इकडे गोव्यात वाळपईच्या बाजारात जो तो सांगतोय, व्हॉट्सॲपवर भरल्या टोपल्यांचे फोटोपण फिरतायत. बघून बरं वाटतं, पण मी लहानपणापासून सत्तरी तालुक्यात पागेर (फेकायचं जाळं) मारणारा माणूस, त्यामुळे राहवत नाही म्हणून लिहितोय.

पहिल्या पावसात थिगूर ओहळातून शेतात चढतो तो अंडी घालायलाच. मी बाजारातून दोन आणले, घरी कापले तर दोन्हींची पोटं गाबोळीने गच्च. म्हणजे टोपली भरली ती पुढच्या वर्षीच्या बियाण्याने! समुद्रात 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंद का ठेवतात ते सगळ्यांना कळतं, मग ओहळातल्या माशाला तेच लागू होतं हे का कळू नये?

दुसरं म्हणजे मे महिन्यात नदी आटते, मासे कोंडीत म्हणजे नदीतल्या खोल डोहात गोळा होतात आणि एकदा पागेर मारला की ओढवत नाही इतके येतात, पण ते अख्ख्या नदीतले उरलेसुरले एका खड्ड्यात जमलेले असतात. म्हणून मोजायचं तर तीच कोंड, तोच महिना, तेच जाळं, तेवढेच तास, आणि असे निदान चार-पाच पावसाळे. नुसते किलो लिहून चालत नाही, लांबीपण मापायला हवी, कारण जुने मोठे मासे, मधले आणि बोटभर पिल्लं असे सगळे दिसले तरच वंश चाललाय म्हणता येतं. गेल्या पावसात आमच्या वरच्या कोंडीत मरळीच्या पिल्लांचा तांबूस पुंजका पाण्यावर वरखाली करताना दिसला, खाली मोठी मरळ राखणीला. किती वर्षांनी बघितलं मी ते! दोन दिवसांनी कोणीतरी गरी टाकून ती मरळच काढली, आणि राखणदार गेल्यावर पिल्लं वाचत नाहीत.

आणि कृपा करून धरणात बाहेरचं मत्स्यबीज सोडून आकडे वाढवू नका. कावेरीत बाहेरून आणून सोडलेला निळ्या परांचा महसीर मासा इतका माजला की गळाला महसीर भरपूर लागायचे, पण तिथला मूळचा कुबडा महसीर संपत आला, 2018 मध्ये त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. आपल्याकडे तळी बाहेरच्या तिलापिया माशाने भरली तर त्याला मासे वाढले म्हणायचं का?

2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे पंचायतीत जैवविविधता समिती आणि तिची नोंदवही असते, त्यात गावच्या दोन-तीन कोंडींचं हे मोजमाप दर वर्षी लिहायला काही मोठा खर्च नाही, मासे धरणारी आम्ही माणसं आहोतच. माझ्याकडे वरच्या कोंडीच्या सहा वर्षांच्या नोंदी वहीत आहेत, समितीने मागितल्या तर उद्याच नेऊन देतो.

आपला,
एक वाचक, सत्तरी