कोर्सच्या सामानाविषयी बापूला पत्र

बेळगाव,
जूनचा पहिला आठवडा

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार. वि. वि. तुझे पत्र परवा मिळाले. आपण दोघांनी नाव घातलेल्या त्या ऑनलाइन मिश्रमाध्यम-ॲक्रिलिकच्या (ॲक्रिलिक रंगांबरोबर कागद, कापड वगैरे चिकटवून करायच्या चित्रांच्या) कोर्सची सामानाची लांबलचक यादी पाहून तू हबकलास आणि एवढे सगळे बेळगावात मिळेल का, असे विचारलेस. बहुतेक मिळेल, पण सगळे घ्यायचे नाही. उद्यमबागेतल्या कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून मी इतकी वर्षे काढली, तिथे मालाच्या यादीत वस्तूच्या नावापुढे ती कशासाठी लागते हे आधी पाहायची सवय होती. या यादीच्या बाबतीत मात्र ती सवय विसरलो आणि त्याचा भुर्दंड भरला.

झाले असे की, ‘कॅनव्हास’ एवढा एकच शब्द वाचून मी एका दुकानातून तयार ताणलेले दोन कॅनव्हास उचलून आणले. ते तैलरंगासाठी तेलाचे अस्तर (रंगाखालचा पहिला हात) दिलेले होते, हे दुकानदाराने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. त्यावर लावलेला ॲक्रिलिकचा थर वाळला खरा, पण आठवड्याने नखाने कोपरा उचलताच पापुद्र्यासारखा सरसर निघून आला. ॲक्रिलिक हा पाण्यातला रंग आहे. पाणी उडाल्यावर त्यातले रेझिनचे कण एकमेकांत मिसळून प्लॅस्टिकसारखा पडदा तयार होतो, आणि तेलकट पृष्ठभागावर तो पडदा घट्ट धरत नाही. म्हणून कॅनव्हास घेताना अस्तर ॲक्रिलिक जेसोचे, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या लेपाचे, आहे ना, एवढे मात्र तोंड उघडून विचार.

सरावासाठी कॅनव्हासची गरजच नाही. सुताराकडे सहा मिलिमीटर एमडीएफचे (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचे) उरलेले तुकडे पडलेले असतात, ते मागून घे आणि कडा पॉलिशपेपरने घासून घे. घासताना तोंडाला मास्क लाव. त्यानंतर दोन्ही बाजूंना ॲक्रिलिक मीडियमचा, म्हणजे रंगद्रव्य नसलेल्या ॲक्रिलिकचा, हात दे. एकाच बाजूला दिलास तर या पावसाळी हवेत फळी पापडासारखी वाकेल, आणि मीडियम न देता थेट जेसो लावलास तर लाकडातला तपकिरी रंग काही दिवसांनी पांढऱ्यातून वर येईल. त्यावर जेसोचे दोन पातळ हात पुरेत, दुसरा पहिल्याला आडवा.

रंगांत मी सहाच नळ्या घेतल्या: टायटॅनियम व्हाइट, अल्ट्रामरीन, थॅलो ब्ल्यू, एक पिवळा, क्रिमसन आणि काळा. पांढऱ्याची मोठी नळी घे, कारण तोच सर्वांत आधी संपतो. कापडावर रंगवायच्या छोट्या बाटल्या तुझ्या सुनेकडे असतील, त्या राहू देत. तो रंग पातळ असतो आणि पॅलेट नाइफचा उठाव त्यात टिकत नाही. नळीवर ‘ह्यू’ असे छापलेले असेल तर तो मूळ रंगद्रव्याचा नसून त्याच्या छटेचा पर्याय आहे असे समज; शिकणाऱ्याला तो चालतो आणि खऱ्या कॅडमियमच्या रंगापेक्षा स्वस्तही पडतो. तपकिरी तांबड्याची नळी मी घेतलीच नाही. तुळशीवृंदावनाला लावायची काव घरात होती, ती वस्त्रगाळ करून, थोड्या पाण्यात कालवून मॅट मीडियममध्ये घोटली आणि जी छटा मिळाली ती नळीतल्या बर्न्ट सिएनाच्या जवळची, किंबहुना थोडी जास्तच आपल्या मातीची आहे. काव म्हणजे लोहाची माती, ती ॲक्रिलिकमध्ये बिघडत नाही.

जेल मीडियमवर मात्र काटकसर करू नकोस. दह्यासारखे दिसणारे आणि वाळल्यावर पारदर्शक होणारे हे द्रव्यच कागद चिकटवते आणि त्यावर कवचही घालते. मी सुरुवातीला पांढऱ्या गोंदावर भागवले. तो वाळल्यानंतरही पाणी लागताच मऊ पडतो, त्यामुळे वरून रंगाचा ओला हात देताच कडा सुटल्या. उठावासाठीच्या मॉडेलिंग पेस्टला मात्र तोड निघते: जेलमध्ये रांगोळी कालव. दगडाचीच ती पूड, पृष्ठभाग छान खरखरीत होतो. पण जाड थर एकदम थापलास तर तडे जातील.

आता कोलाजच्या कागदांविषयी, ज्याची तुला सर्वांत कमी चिंता आहे आणि खरे म्हणजे सर्वांत जास्त असायला हवी. चित्रकार के. बी. कुलकर्णी यांच्या गावात वाढलेल्या आपल्यासारख्यांना चित्रावर चिठ्ठ्या-चपाट्या डकवणे आधी पोरखेळच वाटतो. चित्रकलेच्या लोअर ग्रेडच्या परीक्षेत कुणी असे केले असते तर त्याला बाहेर काढले असते. पण आपल्या घरांत एका कपाटात मराठी लग्नपत्रिका आणि जमिनीचे कन्नड उतारे एकत्र पडलेले असतात, ही आपली खरी सामग्री आहे. फक्त एसटीची तिकिटे आणि यंत्रातून निघालेल्या पावत्या थेट चिकटवू नकोस. तो उष्णतेने छापलेला कागद काही महिन्यांत कोरा होतो. वर्तमानपत्रही पिवळे पडते. अशा सगळ्यांची झेरॉक्स काढ, कारण टोनर पाण्याला दाद देत नाही. इंकजेटची शाई मात्र पसरते.

झेरॉक्सचा आणखी एक उपयोग कोर्स शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच चित्रफितीत दाखवला आहे. फळीवर जेलचा हात देऊन झेरॉक्स उलटी दाबायची, रात्रभर वाळू द्यायची आणि सकाळी ओल्या बोटाने कागद चोळायचा. लगद्याच्या बारीक वळकट्या बोटाखाली गोळा होऊ लागतात आणि त्याखालून चित्र हळूहळू वर येते. मी आजोबांच्या शहापुरातल्या दुकानाचा फोटो घेतला होता. दार आले, पायरी आली, पायरीवर बसलेले आजोबा आले, आणि शेवटी पाटी आली ती आरशातल्यासारखी उलटी. पुढचा फोटो आधी उलटा करून छापून घेतला.

स्टेन्सिल विकत घेऊ नयेत असे माझे ठाम मत आहे. वडगावात मागावर बसणाऱ्या आमच्या एका स्नेह्याने जकार्डच्या जुन्या, टाकून दिलेल्या पट्ट्या दिल्या. साडीच्या काठाची नक्षी मागाला सांगणारी ती भोके; त्यांवरून स्पंजने रंग थोपटला की फळीवर ठिपक्यांच्या ओळी उमटतात, आणि त्या कुठल्या काठाच्या हे आता कुणालाच सांगता येणार नाही. तुझ्यासाठी वीसेक पट्ट्या बाजूला ठेवल्या आहेत. शिवाय जुना एक्स-रे कटरने कापला की हवा तो आकार मिळतो. यादीतल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलसाठी मात्र औषधाच्या दुकानातच जा. ओल्या रंगावर त्याचा एक थेंब पडला की रंग मागे सरून गोल डोळा उमटतो. कोरोनातले सॅनिटायझर मी त्यासाठी वापरून पाहिले, पण ते जेलसारखे असल्याने नुसता चिकचिकाट झाला. ब्रशवर वाळलेला रंग काढायला मात्र ते कामी आले.

मिरगाचे शिंतोडे सुरू झाले आहेत, त्यामुळे थर वाळायला वेळ लागणार आहे. पहिले दोन धडे पाठोपाठ करण्याचा अट्टहास धरू नकोस. रविवारी येतोसच, तर येताना निपाणीच्या वखारीतून तंबाखूच्या जुन्या गोणपाटाचा हातभर तुकडा आण. जेलमध्ये बुडवून फळीवर बसवला की त्याची वीण सुरेख उठते. पण आधी दोन पाण्यांतून काढून उन्हात वाळव; मागे आणलेल्या तुकड्याच्या वासाने आमच्या सौभाग्यवतींनी मला फळीसकट माळ्यावर धाडले होते.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
बाळू